सूनबाई दार लावून बसतात

पत्र:

आम्ही कर्वेनगरला राहतो. छोटासा बंगला आहे, वर गच्ची, मागे जरा बाग. मी आणि हे, दोघंही बँकेतून निवृत्त. एकुलता एक मुलगा सहा वर्षं जर्मनीत होता. तिथेच त्याने तीन वर्षांपूर्वी एका जर्मन मुलीशी रजिस्टर लग्न केलं आणि आम्ही ते मनापासून स्वीकारलं. गेल्या नोव्हेंबरात त्याची चाकणच्या कारखान्यात बदली झाली, तेव्हापासून दोघं आमच्याकडेच आहेत. डिसेंबरात आम्ही विधिवत लग्नही लावून घेतलं, हौसेने सुनेचं नाव 'मीरा' ठेवलं. पहिले तीन-चार महिने ती इतकी खुशीत होती की नातेवाईक थक्क झाले. साडी काय नेसायची, तुळशीबागेत काय भटकायची, पोळ्या लाटायला काय बसायची! आता आठ महिने झाले आणि सगळं उलटं झालंय. दुपारभर दार लावून बसते. मीरा म्हणून हाक मारली तर ओ देत नाही. पानावरून अर्धवट जेवून उठते. परवा माझ्या जाऊबाई आल्या तर खोलीबाहेरच आली नाही. हॉर्न वाजला की कानांवर हात ठेवते, एकदा तर रिक्षावाल्यावर ओरडली. रात्री रडली असावी असं सकाळी डोळ्यांवरून कळतं.

मी तिच्यासाठी काही करायचं बाकी ठेवलेलं नाही. सकाळचा चहा हातात देते. कपडे बाईकडून धुऊन, इस्त्री करून तिच्या कपाटात जातात. एकटीने बाहेर पडायला नको म्हणून मी सोबत जाते. कशाला म्हणून हात लावू देत नाही. तिकडे ती माळीकाम करायची, त्याचं तीन वर्षांचं रीतसर शिक्षण असतं म्हणे. इथे तिच्या व्हिसावर नोकरी चालत नाही. मग गच्चीवरच्या कुंड्यांत हात घालायला जाते. पण आपल्याकडे माळी येतो, शेजारीपाजारी काय म्हणतील? मुलगा सकाळी सातला निघतो तो रात्री आठला येतो. आमचं कुठे चुकलं? तिला इथे रुळवायचं तरी कसं?

एक सासू, कर्वेनगर

उत्तर:

ताई, नमस्कार.

चुकलं म्हणावं असं फारसं काही नाही, पण तुमच्या पत्रात एक गोष्ट ठळक दिसते. तुम्ही तिच्यासाठी काय काय करता याने ते भरलेलं आहे. ती स्वतः आता काय करते, हे शोधावं लागतं. सापडतं ते एका वाक्यात, आणि तिथेही तुम्ही तिचा हात कुंडीतून काढून घेतलाय. या मुलीला माया कमी पडलेली नाही. तिच्या हाताला काम नाही, आणि अख्ख्या पुण्यात तिने स्वतः जोडलेलं एक माणूस नाही की एक ठिकाण नाही. जे आहे ते सगळं तुमच्यामार्फत. पुढे मी जे सांगणार आहे ते एवढ्याचभोवती फिरतं.

आधी त्या 'उलटं झालंय'बद्दल बोलू, कारण तुम्ही त्याने घाबरलेल्या दिसता. १९५४ साली कालेर्व्हो ओबेर्ग नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने रिओ दि जानेरोच्या एका महिला क्लबात भाषण केलं. परक्या मुलखात राहायला गेलेल्या माणसाचं काय होतं, हा विषय. 'कल्चर शॉक' हा शब्द लोकांच्या तोंडी बसला तो बराचसा ओबेर्गमुळे. आधी नवलाई, मग कुरबुर. खाण्यापिण्याची नसती धास्ती, शून्यात बघत बसणं, क्षुल्लक अडचणीवरून भडकणं, घरच्या ओढीने जीव कासावीस होणं, अशी लक्षणं त्याने तेव्हाच सांगून ठेवली आहेत. तुमचा रिक्षावाला त्यात चपखल बसतो. पुढच्याच वर्षी स्वेर्रे लिसगार्ड या नॉर्वेच्या अभ्यासकाने अमेरिकेत राहून आलेल्या २०० नॉर्वेजियन शिष्यवृत्तीधारकांची पाहणी प्रसिद्ध केली. सहा महिन्यांच्या आत परतलेले मजेत होते आणि अठरा महिन्यांहून जास्त राहिलेलेही मजेत होते. रडकुंडीला आलेले होते ते मधले. तुमच्या सुनेला इथे येऊन आठ महिने झालेत.

त्यातून ती आली नोव्हेंबरात. पुण्यातले नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे कोणालाही या शहराच्या प्रेमात पाडतील असे दिवस. वर लग्न, केळवणं, संक्रांतीची हळदीकुंकवं, रोज कोणीतरी तिला बघायला येणार. मग एप्रिल-मेचा उन्हाळा, पाठोपाठ पाऊस, न वाळणारे कपडे, खणून ठेवलेले रस्ते. बघायला येणारे थांबले आणि नुसता दिवस उरला, सकाळी सातपासून रात्री आठपर्यंतचा.

मात्र लिसगार्डचा हा हिशेब म्हणजे पंचांग नव्हे. नंतरच्या अभ्यासांत असंही दिसलंय की कित्येकांना नवलाईचा काळ मिळतच नाही, त्यांना पहिले आठवडेच सर्वांत जड जातात. तेव्हा अठरावा महिना उजाडला की आपोआप सगळं सुरळीत होईल म्हणून हातावर हात ठेवून बसू नका.

आता ते दार.

आपल्याकडे दिवसाढवळ्या खोलीचं दार लावलं की घरात चर्चा सुरू होते. भांडण झालं का? बरं नाही का? जर्मन घरात दार लावलेलं असणं ही रोजची स्थिती आहे. एडवर्ड हॉल या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये नेमकं यावरच लिहिलंय. जर्मनांच्या लेखी बंद दाराचा अर्थ आत काही गुपित चाललंय किंवा माणूस रुसलंय असा होत नाही, खोली खोलीसारखी राहावी म्हणून दार लावायचं. उलट सगळी दारं सताड उघडी असली की त्यांना ते गबाळं वाटतं. तुमच्या घरात सकाळी सहापासून बेल वाजत असणार. दूध, पेपर, कचरा न्यायला येणाऱ्या ताई, भांडीवाली, इस्त्रीवाला, मग शेजारच्या वहिनी 'सहज' म्हणून. तुम्हाला त्या बेलची सवय आहे, किंबहुना दुपारी दोन तास वाजली नाही तर चुकल्यासारखं होत असेल. तिला प्रत्येक वेळी वाटतं की आता कोणीतरी आत येणार. तर दुपारी दोन ते पाच तिचं दार तिचं. चहा झाला तरी टकटक नको. उघडायची वेळ तिची ती ठरवेल. इस्त्रीचे कपडे तिच्या कपाटात परस्पर जाऊ देऊ नका. कपाटालाही दार असतं.

हॉर्नचं तसंच. जर्मनीच्या वाहतूक नियमांत हॉर्न वाजवायला परवानगी आहे ती धोक्याच्या वेळी, किंवा वस्तीबाहेर ओव्हरटेक करताना. त्यामुळे तिच्या कानाला प्रत्येक हॉर्न म्हणजे कोणीतरी तिच्यावर खेकसल्यासारखा लागतो. आपला हॉर्न नुसता 'आलो हं' म्हणतो, हे तिला कोणी सांगितलंय का? सांगितल्याने आवाज कमी होणार नाही, पण शंभर माणसं आपल्यावर चिडलेली नाहीत एवढं तरी तिला कळेल.

पानाबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंय, पण मला वाटतं खरी गंमत तिथे आहे. तिकडे पाहुण्याने ताट स्वच्छ केलं की यजमानीण समजते, आवडलं आणि पोट भरलं. शिल्लक टाकणं वाईट. आपल्याकडे रिकामं पान दिसलं की वाढणारीचा जीव खालीवर होतो. म्हणजे ती शिष्टाचार म्हणून संपवणार, तुम्ही शिष्टाचार म्हणून वाढणार. ती पुन्हा संपवणार. 'नको' म्हणाली तर तुम्ही 'अगं, अर्धीच पोळी' म्हणणार, कारण आपल्याकडे पहिला नकार धरायचा नसतो हे आपल्याला आईच्या पोटातून ठाऊक. तिला मात्र लहानपणापासून हेच ठाऊक आहे की नको म्हणजे नको, आणि ते ऐकलं जातं. सुरुवातीला तिने ही लढाई नेटाने लढली असेल. आता तिने एकच उपाय काढलाय, पान अर्धवट टाकून उठायचं. तिच्या दृष्टीने तो चांगलाच उर्मटपणा आहे. तुमच्यामुळे तिला तो करावा लागतोय.

उपाय साधा आहे. भांडी टेबलावर ठेवा आणि ज्याने त्याने वाढून घ्यावं. दुसरं, बऱ्याच जर्मन घरांत संध्याकाळचं जेवण थंड असतं: पाव, लोणी, चीज, काकडी-मुळ्याच्या चकत्या, मांस खाणाऱ्यांना त्याचे काप. आठवड्यातून दोन संध्याकाळी तिला तसं जेवू द्या. तिचं ती मांडून घेईल. काळा, आंबूस, राईच्या पिठाचा पाव आता पुण्यात मिळतो, कोरेगाव पार्क-बाणेरकडच्या बेकऱ्यांत चौकशी करा. तुम्ही मुलाला सहा वर्षं मेतकूट आणि भाजणी पाठवत होता की नाही? मग. आणि त्या दोन संध्याकाळी 'एवढ्याने पोट भरतं का गं' हे वाक्य गिळून टाका. जमणार नाही, पण प्रयत्न करा.

नावाचं म्हणाल तर मी स्पष्टच लिहिते. तिशीतल्या मुलीचं तिच्या आईबापांनी ठेवलेलं नाव बदलू नये. ताटातल्या तांदळात अंगठीने नाव लिहिताना ती हसली असेल, फोटोही छान आले असतील, पण तेव्हा तिला तो लग्नातला एक विधी वाटला. रोज सकाळी त्याच नावाने उठावं लागणार आहे हे तिच्या लक्षात नंतर आलं. पत्रभर तिचं खरं नाव एकदाही आलेलं नाही. तुम्ही ते मुद्दाम लपवलंत की तुमच्याच तोंडून गेलं, हे तुमचं तुम्हाला माहीत. उद्यापासून त्या नावाने हाक मारा. उच्चार चुकला तर ती दुरुस्त करेल, त्या निमित्ताने दोन शब्द बोलणं तरी होईल.

आणि गच्ची. ताई, जर्मनीत बागकाम हा तीन वर्षांचा उमेदवारी अभ्यासक्रम आहे. बहुतेक वेळ प्रत्यक्ष कामावर, उरलेला व्यवसायशाळेत, शेवटी परीक्षा. माती, खत, कीड, छाटणी, वाफे, फरशा बसवणं, झाडांची शास्त्रीय नावं. तुमच्या घरात एक प्रशिक्षित बाई आठ महिने बसून आहे, आणि तुम्ही माळ्याला पैसे देऊन तिला लांब ठेवता, का तर शेजारी! शेजाऱ्यांना सांगा की आमची सून यातली तज्ज्ञ आहे. कर्वेनगरात असं सांगितलं की पंधरा दिवसांत लोक आपापल्या मरगळलेल्या कुंड्या घेऊन दारात उभे राहतील.

अर्थात तिथली तज्ज्ञ इथे पहिल्या दिवसापासून तज्ज्ञ नसणार, आणि त्यातच तिच्या फायद्याचं काहीतरी आहे. तिला हिवाळ्यात मातीसकट गोठणारी बाग माहीत आहे. जूनमध्ये चार दिवसांत रान माजतं, ऑगस्टात कुंडीची भोकं बुजली तर मोगरा मुळाशी कुजतो, सोनचाफ्याला काय लागतं, कढीपत्त्यावरची फुलपाखराची अळी मारायची की ठेवायची, हे तिला तुमच्या माळ्याकडून शिकावं लागेल. माळ्याला काढू नका. तो आठवड्यातून ज्या दिवशी येतो त्या दिवशी त्याला तिच्या हवाली करा आणि तुम्ही खाली या. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही याची काळजी करू नका. फांदी कुठे तोडायची हे बोटाने दाखवता येतं. तिचे पहिले कामाचे मराठी शब्द शेणखत, लाल माती, कुदळ हे असतील. नेसव, वाढ, बस, खा यांपेक्षा ते बरे. आत्ता पावसाळा आहे, लावणीचे दिवस आहेत, तेव्हा हे पुढच्या महिन्यावर टाकू नका. जानेवारीत प्रजासत्ताक दिनाच्या सुमाराला एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन असतं, तोवर हातात दाखवण्यासारखं काहीतरी असेल. तिला तिकडे आत्ताही जाऊन येऊ द्या. जुनी, प्रचंड झाडं आहेत, तिचा अख्खा दिवस जाईल.

'जाऊन येऊ द्या' म्हणजे एकटीला. तुमचं 'एकटीने बाहेर पडायला नको' मला सर्वांत खटकलं. ही बाई जर्मनीतून एकटीने प्रवास करत इथवर येऊ शकते. नळस्टॉपला मेट्रोत बसायचं, वातानुकूलित डबा, हॉर्न नाही, थेट रूबी हॉल किंवा बंड गार्डन. तिथून बोट क्लब रोडवरचं मॅक्स म्युलर भवन, म्हणजे जर्मन भाषा-संस्कृतीची संस्था, जवळ. (ज्याच्या नावाने ही संस्था भारतात ओळखली जाते त्या जर्मन संस्कृतपंडित मॅक्स म्युलरने आयुष्यात भारतात पाऊल टाकलेलं नव्हतं. तुमच्या सुनेने टाकलंय, तेवढी ती त्याच्यापुढे आहे.) नुसतं जर्मन माणसं भेटावीत म्हणून मी तिला तिकडे पाठवत नाहीये, तरी ती भेटली तर उत्तमच, कधीतरी आपल्या भाषेत मनसोक्त कुरकुर करता आली पाहिजे. माझा डोळा दुसरीकडे आहे. पुण्यात जर्मन शिकणारी तरुण मंडळी ढिगाने आहेत, तिथे आणि फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाच्या परदेशी भाषा विभागातही. त्यांना बोलायला खरीखुरी जर्मन व्यक्ती हवी असते. तिला मराठी हवं आहे. एक तास जर्मन, एक तास मराठी, पैशांचा व्यवहार नाही. यातून तिला तिच्या वयाची, तुम्हाला न ओळखणारी दोन-चार माणसं मिळतील. ती माणसं घरी आली तर चहा द्या आणि आत जा.

तुम्ही स्वतः मात्र तिला मराठी शिकवू नका, मुलानेही नको. नवऱ्याने गाडी आणि सासूने भाषा शिकवली की संसारात फुकटची भांडणं वाढतात. तुम्ही फक्त एवढंच पाहा की जेवणाच्या टेबलावर चौघांनी बसून तिघांनी मराठीत बोलत सुटायचं नाही. तिला सगळं समजावं म्हणून इंग्रजीच बोला असंही नाही, पण दर पाच मिनिटांनी कोणीतरी तिला काय चाललंय ते सांगावं. हसण्याचा विषय तर ताबडतोब सांगावा. आपल्याभोवती सगळे हसताहेत आणि कशाला ते कळत नाही, यासारखा एकटेपणा दुसरा नाही. मराठीची रीतसर पुस्तकं हवी असतील तर मॅक्सीन बर्नसन आणि जाई निंबकर यांनी परदेशी विद्यार्थ्यांसाठी तयार केलेली शोधा. बर्नसनबाई स्वतः अमेरिकेतून येऊन फलटणला स्थायिक झाल्या, १९७८ मध्ये भारताच्या नागरिक झाल्या आणि तिथे त्यांनी मुलांची शाळा उभी केली.

असंच एक उदाहरण खास तुमच्यासाठी, सासू म्हणून. गेल ऑम्व्हेट अमेरिकेतल्या मिनियापोलिसच्या. सत्यशोधक चळवळीवर पीएचडी करायला महाराष्ट्रात आल्या, १९७६ मध्ये भारत पाटणकरांशी लग्न केलं आणि सांगली जिल्ह्यातल्या कासेगावात सासरी राहिल्या, ते २०२१ मधल्या मृत्यूपर्यंत. सासूबाई इंदुताई पाटणकर, स्वातंत्र्यसैनिक. पुण्याच्या मानाने कासेगाव म्हणजे परदेशी सुनेला किती अवघड! तरी त्या टिकल्या, कारण त्या आल्या त्याच स्वतःचं काम घेऊन. संशोधन, लिखाण, परित्यक्ता बायकांचे प्रश्न, पाण्याचे लढे. त्यांना पुरणपोळी येत होती का, हे मला माहीत नाही आणि कोणी विचारलेलंही ऐकलं नाही. कृपा करून हे उदाहरण सुनेला ऐकवू नका. तुलना कुठल्याच देशातल्या सुनेला मानवत नाही.

नोकरीचं मुलाच्या कानावर घाला. भारतीय नागरिकाशी झालेलं लग्न नोंदलेलं असेल आणि अर्जाच्या आधी सलग दोन वर्षं टिकलेलं असेल, तर परदेशी जोडीदाराला ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डासाठी अर्ज करता येतो. तुमच्या पत्राप्रमाणे त्यांचं रजिस्टर लग्न तीन वर्षांपूर्वीचं. म्हणजे ती बहुधा आत्ताच पात्र आहे. हे कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे, पण आयुष्यभर ये-जा करता येते, परदेशी नोंदणी कार्यालयाच्या फेऱ्या संपतात आणि बागकामासारख्या क्षेत्रात नोकरी-धंदा करता येतो. जोडीदाराच्या अर्जाची सुरक्षा तपासणी होते, तेव्हा वेळ लागणार हे धरून चाला. पण अर्ज केलाय, यालाही अर्थ असतो. आज तिला साबण घ्यायचा तरी पैसे मागावे लागतात, आणि तिकडे ती पंधरा-वीस वर्षांची असल्यापासून कमावत आली असेल.

नातेवाईकांचं थोडक्यात. वजन, पगार, पाळणा आणि गोरेपणा, हे चार विषय तुमच्या दारात बंद. जाऊबाईंना राग आला तर येऊ दे. पाहुणे येणार असतील तर तिला आदल्या दिवशी सांगा, आणि पंधरा मिनिटं बसून उठायची मुभा द्या.

गणपती तोंडावर आलेत. ढोलपथकांचे सराव नदीकाठी सुरू झाले असतील, संध्याकाळी तुमच्या गच्चीपर्यंत आवाज येतही असेल. आत्ताच्या तिच्या अवस्थेत दहा दिवस घरचा गणपती, आरत्या, पाहुणे आणि शेवटी दिवस-रात्र चालणारी विसर्जन मिरवणूक हे सगळं एकदम तिच्यावर टाकू नका. पहिला दिवस आणि गौरी घरी, शेवटचे दोन-तीन दिवस मुलाने रजा काढून तिला गावाबाहेर न्यावं. उलटही होऊ शकतं म्हणा. हॉर्नने कान झाकणाऱ्या बाईने ढोलाचा टोल हातात घेतला तर मला आश्चर्य वाटणार नाही. आवाज आपण स्वतः केला की तो सोसतो.

एक गोष्ट मात्र मला इथून ठरवता येणार नाही. सलग दोन-तीन आठवडे झोप उडालेली असेल, जेवण सुटलेलं असेल, अंघोळ-कपड्यांचीही इच्छा राहिली नसेल, किंवा जगण्याचा कंटाळा आल्यासारखं ती काही बोलली असेल, तर त्याला रुळणं-न रुळणं म्हणत बसू नका. मनोविकारतज्ज्ञाकडे जायचं, आणि नवऱ्याने सोबत जायचं, सासूने नाही. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, तिथे इंग्रजीतही बोलता येतं. आणि ती महिनाभर माहेरी जाते म्हणाली तर जाऊ द्या. 'परत येईल ना?' असा चेहरा करून विमानतळावर उभ्या राहू नका.

राहता राहिले चिरंजीव. एवढ्या मोठ्या पत्रात त्यांचा दिनक्रम एका ओळीत उरकलाय, सातला जातात, आठला येतात. सुनेला तुम्ही रुळवायची, तिचे डोळे तुम्ही बघायचे, सल्ला तुम्ही मागायचा, आणि ज्याच्यासाठी ती देश सोडून आली तो चाकणच्या रस्त्यावर! त्याला बसवून विचारा, जर्मनीतला पहिला हिवाळा कसा काढला होतास? फोनवर तो तुम्हाला 'मजेत आहे' म्हणत होता, पण खरं ते वेगळंच असणार. तेव्हा त्याला कोणी हात दिला होता, काय केल्याने बरं वाटलं होतं, हे त्याला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. आठवड्यातली एक संध्याकाळ दोघांनी घराबाहेर घालवायची, जर्मनमध्ये बोलत, आणि घरी परतल्यावर 'काय खाल्लंत?' पलीकडे चौकशी नाही.

आता तुम्हाला न आवडणारं. कर्वेनगर ते चाकण रोज ये-जा करण्यात तुमच्या मुलाचं आयुष्य चाललंय, आणि त्याच्या बायकोचा दिवस त्यापायी तेरा तासांचा झालाय. त्यांनी निगडी-प्राधिकरणाकडे किंवा मोशीला भाड्याने घर घ्यावं. वेगळं बिऱ्हाड म्हटलं की आपल्याकडे घर फुटल्याची भाषा सुरू होते. इथे काही फुटत नाहीये. तिला स्वतःच्या दाराची किल्ली, स्वतःचा ओटा आणि स्वतःची बाल्कनी मिळेल, त्याचे रोजचे दोन तास वाचतील. गच्चीची बाग तिची ती ठेवू द्या, म्हणजे आठवड्यातून एकदा ती आपल्या कामासाठी तुमच्याकडे येईल. पाहुणी म्हणून बसवून ठेवलेल्या सुनेपेक्षा ती तुम्हाला जास्त भेटेल. हे बोलणं घरात काढाल तेव्हा ती समोर असू द्या आणि बोलणं इंग्रजीत होऊ द्या. मुलगा 'बघू' म्हणाला, तर कधी बघणार ती तारीख त्याच्याकडून घ्या.